शेवटचा शब्द आधी

आमच्या घरात दोन गोष्टी मोजून वापरायच्या असत, एक पाणी आणि दुसरा तांबडा रंग. पाण्याचं कारण सांगायला नको. वस्तीवरचा आड तळाला गेला होता. बादली सोडली की पाण्याचा आवाज यायच्या ऐवजी खडकावर पत्रा घासल्याचा आवाज यायचा, आणि तो ऐकला की आई बसल्या जागी डोळे मिटून घ्यायची. तांबड्या रंगाचं कारण होते नाना. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. भूमच्या आसपास सगळे त्यांना पेंटर म्हणून ओळखायचे. शाळा चौथीपर्यंत. कुणी हाताला धरून शिकवलं नाही. भूमच्या एसटी स्टँडवर एक पाट्या रंगवणारा यायचा, त्याच्या पाठीमागं तासन्‌तास उभं राहून नानांनी हात बसवला. पहिली पाटी लिहिली ती आमच्याच वस्तीतल्या बुद्धविहाराची, निळ्या रंगात. तिच्यातला 'द्ध' जरा कलंडलेला आहे. पुढं कितीदा रंग दिला तरी त्यांनी तो सरळ केला नाही. "कलंडू दे, माजा पयला हाय त्यो," म्हणायचे. त्यांचे ब्रश चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकून उभे असायचे. त्यामुळं घरात कायम दोन वास, एक टर्पेंटाईनचा आणि दुसरा मिलोच्या भाकरीचा. मिलो म्हणजे रेशनवर मिळायची ती परदेशातली तांबडी ज्वारी. भाकरी अशी लाल व्हायची की दादा म्हणायचा, नानाच्या डब्यातला रंग पिठात सांडला जणू.

दुष्काळात माणसांना काम नव्हतं, पण पाट्यांना होतं. आई, आण्णा म्हणजे माझे वडील आणि दादा सकाळी तलावाच्या कामावर जायचे, टोपली-कुदळ घेऊन. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारनं वाटलेलं गोड कोरडं खाणं मिळायचं, ते आई पदराच्या गाठीत घरी आणायची. इकडं नानांना मात्र उसंत नसायची. कारण त्या वर्षांत जिकडं तिकडं सोसायट्या निघायला लागल्या. दुधाची, शेळ्यांची, कोंबड्यांची, विणकरांची. सोसायटीला जागा नसेल, माणसं भांडत असतील, पण पाटी पाहिजे. "सोसायटी निघू न्हाईतर न निघू, पाटी आदी निघती," असं नाना हसत म्हणायचे. आणि त्या पाट्यांची नावं केवढी! एखाद्या शेळीच्या कासेत जेवढं दूध नसेल तेवढी अक्षरं तिच्या सोसायटीच्या नावात असायची. दुकानाचं नाव दोन शब्दांत संपतं, सोसायटीचं संपतच नाही. म्हणून नानांचा एक नियम होता. भिंतीला चुना लागला की ते नीळ लावलेली दोरी ताणून धरायचे, एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. मधे चिमटीत धरून सोडली की फट्‌ असा आवाज व्हायचा आणि भिंतीवर निळी रेघ उठायची. मग अक्षरं मोजायची, विती मोजायच्या, आणि खडूनं सगळ्यांत आधी शेवटचा शब्द लिहायचा. तो बसला की मग पुढून यायचं. "शेवटचा शबुद आदी बसीव," नाना म्हणायचे, "पयल्याला जागा आपूआप मिळती. शेवटच्याला कुणी जागा देत न्हाय."

सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली होती, कारण पुढची शाळा भूमला आणि भूमला मुलीनं एकटीनं रोज जायचं म्हणजे गावाला बोलायला विषय. तर मी नानांच्या हाताखाली लागले. रंग ढवळायचा, डबे पुसायचे, दोरी धरायची. हळूहळू त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला आणि मी लिहायला लागले. हळूहळू हा शब्द मी उगीच वापरला नाही. एक 'श्री' काढायला मला अख्खी दुपार लागायची. खडूनं काढायचा, पुसायचा, मागं सरून बघायचा, परत पुसायचा. मग रंग. रंगाची कडा ओली असताना श्वास सोडला तर ती हलते असं मला वाटायचं. नाना तिकडं तीन ओळी उरकून चुन्याचा हात धूत यायचे आणि माझ्या 'श्री'पाशी थांबायचे. रागवायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "शेवंता, डब्यातला रंग वाळला की गं, बाळ." मला ते रागवण्यापेक्षा जास्त लागायचं. तरी एक होतं, की घरात मीच एक होते जिला नाना हे शिकवत होते. दादाला नाही, मला. मी हळू असेन, पण मी एकटी होते. शर्यतीत एकटंच धावणाऱ्याला आपण हळू आहोत हे कळत नाही.

मग दादाचं लग्न झालं आणि वैनी आली.

वैनीचं नाव कौसल्या. अणदूरकडची. तिकडच्या बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द यायचा आणि आम्ही सगळे हसायचो, तीही हसायची. लग्नात जेवायला आंबील आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं होतं. तसल्या दुष्काळात त्याहून काय असणार. वैनी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. वाचायची ती बोट ठेवून, एकेक अक्षर दातांखाली खडा आल्यासारखं. पण हातानं? हातानं अशी की काय सांगू. माझी एक भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिच्या तीन टोपल्यात. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसतो, आमच्या सगळ्यांच्या भाकरी काठाला फाटायच्या, तिच्या गोल, चंद्राला सुतानं मापून काढल्यासारख्या. आई म्हणाली, "हात न्हाय, मशीन हाय." आई माझ्याबद्दल असं कधी बोलली नव्हती. मी चुलीत फुंकणी घालून जास्तच जोरात फुंकलं, राख उडाली, आणि आईनं मलाच ओरडलं.

पण भाकरीचं मी सोसलं असतं. एका सकाळी वैनी दाराजवळच्या भिंतीवर गेरूनं गाय काढत बसली होती. पंचमी जवळ आली होती. गाय म्हणजे काय, एकाच रेषेत. शिंगापासून निघाली, पाठीवरनं खाली आली, शेपटी, पाय, पोट, परत तोंडाशी. बोट कुठं उचललं नाही. आणि त्या गायीनं मान वळवलेली होती, कुणीतरी हाक मारल्यासारखी. नाना अंघोळीचं तांब्याभर पाणी घेऊन चालले होते, ते पाणी हातात तसंच राहिलं. "पोरी, अक्षर काढशील का?" त्यांनी विचारलं. वैनी डोईवरचा पदर ओढून म्हणाली, "वाचाया न्हाय येत नाना मला नीट. पर दावा, तसं काढते." नानांनी पिठाच्या गिरणीची पाटी समोर ठेवली आणि कागदावर अक्षरं लिहून दिली. तिनं कागदाकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, ना दोरी ना खडू, आणि ब्रश बुडवला. चहा उकळेपर्यंत पाटी झाली. मला वाटतं अक्षरं तिला चित्रासारखी दिसायची. 'ग' म्हणजे काठी धरून उभा म्हातारा, 'ठ' म्हणजे तवा. तिचा 'म' तर नाचायचा. नानांनी त्या दिवशी पहिला कप तिला दिला. आजवर पहिला कप मला मिळायचा. मी दुसरा कप घेतला तो मला कडू लागला, आणि त्यात साखर तर सगळ्यांना सारखीच होती.

आता या वयात मला कुणी विचारलं की हेवा कसा असतो, तर मी सांगेन, भाकरीच्या पिठातल्या खड्यासारखा. कुठं आहे दिसत नाही, पण प्रत्येक घासाला आहे. ती हसली की मला वाटायचं माझ्या 'श्री'ला हसली. तिनं मला मदत केली तर वाटायचं मिरवते, नाही केली तर वाटायचं मला मोजत नाही. ती मला वन्सं म्हणायची, मानानं, अहोजाहो करून, वयानं माझ्याहून मोठी असून. त्याचाही मला राग. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मी तिच्यासारखं करायला गेले. एका शेळ्यांच्या सोसायटीची पाटी नानांनी मला दिली होती. मी म्हटलं, आज दोरी नको, खडू नको. ब्रश बुडवला आणि सर्रकन लिहायला लागले. पहिलं अक्षर बरं आलं. दुसऱ्याला रेघ वाकडी गेली. तिसऱ्यापासून रंग खाली ओघळायला लागला, ओघळ पुसायला गेले तर बाहीनं मागचं अक्षर पुसलं. शेवटी ती पाटी बघून आमच्या दारातली शेळीसुद्धा पळाली असती. नानांनी रॉकेलचा बोळा घेऊन सगळं पुसलं. वाटीभर तांबडा रंग वाया गेला. ते म्हणाले, "शेवंता, तुजा हात कुनाच्या मागं पळतोय गं?" वैनी दारात उभी होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी गावात दुधाची सोसायटी निघाली. आमच्याकडं दुधाला आधीपासून नाव. भूमचा खवा लोक लांबून न्यायला यायचे. पण आमच्या वस्तीतल्या म्हशीचं दूध गावात कुणी घरात घ्यायचं नाही. सोसायटी निघाली तेव्हा ठरलं की सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये पडणार. आण्णा म्हणायचे, "कॅनात पडल्यावर कळतंय व्हय कुनाचं कुटलं?" म्हणून त्या सोसायटीचं आम्हाला फार होतं. सोसायटीची खोली गावातल्या चावडीशेजारी बांधली, दर्शनी भिंत चांगली लांब. चेअरमन आबा स्वतः आमच्या वस्तीवर आले. अंगणात बाज टाकली, ते बसले. आईनं कोरा चहा दिला, ते प्यायले. आईनं तो कप नंतर किती वेळ हातात धरला होता. आबा म्हणाले, "पेंटर, परवा साहेब येणार हायती उद्‌घाटनाला. भिताडावर असं नाव पायजे की एसटीतनं वाचलं पायजे."

नेमकं नानांना दुसऱ्या दिवशी उस्मानाबादला जायचं होतं. डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, सरकारी दवाखान्यात बिछाना मिळाला होता. तारीख चुकवली तर परत कधी मिळेल कुणास ठाऊक. त्यांनी थोडा विचार केला. चार वर्षं मी दोरी धरली होती. नाना म्हणाले, "आबा, माजी सून लिहील. कौसल्या. आन शेवंता दोरी धरील." आबांनी आधी दोघींकडं बघितलं, मग नानांच्या डोळ्याकडं, आणि खिशातनं चिठ्ठी काढून वैनीच्या हातात दिली.

सकाळी नाना एसटीनं गेले आणि आम्ही दोघी शिडी घेऊन गावात गेलो. बाया भिंतीवर चढून लिहिणार म्हणून पारावर आधीच दहा-बारा माणसं बसलेली. मी दोरी ताणली, वैनीनं दुसरं टोक धरलं, फट्‌, रेघ उठली. तेवढंच काय ते दोरीचं काम. वैनी चिठ्ठी बघून, ती माझ्याकडं देऊन थेट शिडीवर चढली. गावाचं नाव वरच्या बारीक ओळीत नानांनी आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवलं होतं. खाली मोठ्या अक्षरात एवढंच लिहायचं होतं: दूध उत्पादक सहकारी संस्था मर्यादित. मी चिठ्ठी वाचली. चेअरमन आबांनी ते बोलतात तसंच लिहिलं होतं, 'मरयादित'. म, र, या, दि, त. पाच अक्षरं. नाना असते तर त्यांनी हसून चिठ्ठी फाडली असती आणि रफार देऊन शुद्ध लिहिलं असतं, चार अक्षरांत. मी म्हणणार होते, वैनी, हे चुकीचं आहे. पण तेवढ्यात ती वरून म्हणाली, "वन्सं, तेवढा रंग ढवळून द्या की." जसा मी नानांना द्यायची तसा. मी रंग दिला आणि चिठ्ठी परत तिच्या हातात दिली.

ती लिहीत गेली. 'दूध' असं काढलं की पारावरचे गप्प झाले. 'द'चं पोट भरलेल्या कासेसारखं. एकेक अक्षर सरळ दोन विती. मी खाली उभी राहून सवयीनं भिंत मोजत होते, अंगठा-करंगळी, अंगठा-करंगळी. बत्तीस विती. 'उत्पादक' संपलं तेव्हा तेरा विती गेल्या होत्या, उरल्या एकोणीस. पाहिजे होत्या पंचवीस. मी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, पण मोजलं, कारण मोजत असताना बोलावं लागत नाही. छोट्या पाटीवर तिचा डोळा सगळी पाटी एकदम बघायचा, म्हणून तिला मोजायची गरज पडली नव्हती. पण शिडीवर उभं राहिलेल्याला हाताएवढीच भिंत दिसते. मला खालून सगळी दिसत होती. 'वैनी, थांब' एवढे दोन शब्द. ते माझ्या जिभेवर आले होते हे मी आजही शपथेवर सांगते. आणि त्याच जिभेवर दुसरं काहीतरी गोड लागत होतं, ते मी गिळलं. शिडी सरकवायची वेळ आली की मी शिडी सरकवायची. 'सहकारी' झालं. 'संस्था' झालं, तिनं 'स्था'च्या कान्याला खाली असा झोका दिला की कुणीतरी पारावरून "वा!" म्हणालं. मग 'म'. नाचरा. मग 'र'. आणि भिंत संपली.

तिनं ब्रश उचलला आणि पुढचं अक्षर ठेवायला हात नेला तो हवेत गेला. भिंतीच्या कोपऱ्याला तिची बोटं लागली. पारावर कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "दूध उत्पादक सहकारी संस्था... मर!" आणि एकच हसू फुटलं.

"लिवलंय बराबर, चारा न्हाई पानी न्हाई, मरंल न्हाईतर काय करंल!"

"आरं, साहेब उद्या हेच वाचनार, संस्था मर, आन फीत कापनार!"

एक म्हातारी मात्र हसली नाही. तिची म्हैस त्या उन्हाळ्यात गुरांच्या छावणीत गेली होती आणि परत आली नव्हती. ती जमिनीवर थुंकली आणि म्हणाली, "पयल्याच दिशी कसली अवदसा लिवली गं बाई." आणि मागून एकजण बोलला, फार मोठ्यानं नाही, "वस्तीवरल्या बायांच्या हातात दिल्यावर आनिक काय हुनार." ते ऐकून माझ्या पोटातलं जे गोड होतं ते सगळं नासलं. मला हसू वैनीवर पाहिजे होतं, ते आमच्यावर आलं. नानांवर आलं, आईच्या त्या कपावर आलं.

वैनीनं शिडीवरून खाली बघितलं. हसणाऱ्यांकडं नाही, माझ्याकडं. माझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी अजून ताणलेलीच होती. मी हात पदराखाली घेतला. ती खाली उतरली आणि चेअरमन आबांना म्हणाली, "समदं पुसून चुना देते आन फिरून लिवते." आबा डोकं धरून बसले होते. "कवा पुसणार, कवा वाळणार, उद्या सकाळी साहेब!"

मी म्हटलं, "पुसू नको. नुसता 'र' पुसायचा." माझा आवाज मला ओळखू आला नाही. "शेवटी 'मर्या' आणि टिंब. तालुक्याच्या बँकेवर तसंच हाय. शुद्ध लिहिलं तर बसतंय."

आबांनी वर बघितलं. "व्हय की, तसंच हाय की!"

शिडीवर मी चढले. आता ऐका, 'र'ची जागा दोन विती. त्यात 'य' बसवायचा, त्याला काना, त्याच्या डोक्यावर रफार, आणि पुढं टिंब, आणि तरी शेजारच्या एवढ्या थोरल्या 'म'पुढं ते चेंगरलेलं दिसता कामा नये. मी रॉकेलच्या बोळ्यानं 'र' पुसला, तिथं गुलाबी डाग राहिला. त्यावर चुन्याचा हात दिला आणि पदरानं वारा घालत बसले. खाली ओरडा सुरू झाला. "ए पोरी, भित वाळतीया का तू वाळतीयास?" "एका अक्षराला दिस काढनार व्हय?" चुना वाळला. मी खडूनं 'या' काढला. रुंद झाला. पुसला. परत काढला, उभा दांडा 'म'च्या दांड्याशी समांतर नव्हता. पुसला. चौथ्यांदा काढला. मग रफार काढला, तो जड झाला, पुसला. मधेच केव्हातरी मला खालचा ओरडा ऐकू येईनासा झाला. असं पहिल्यांदाच झालं. आधी मी हळू असायचे तेव्हा कायम कुणाची तरी पावलं कानात असायची, आधी नानांची, मग वैनीची. त्या दुपारी दोन विती भिंत आणि मी, तिसरं कुणी नव्हतं. मी ब्रश बुडवला. दिवस कलला, ऊन भिंतीवरून उतरून पारावर गेलं, पारावरचे चहाला जाऊन परत आले. मी टिंब दिलं तेव्हा संध्याकाळच्या दुधाच्या किटल्या वाजायला लागल्या होत्या.

"मर्या." पारावरच्या एकानं वाचलं. "आता बेस झालं. मर्यादित!" आबा म्हणाले, "पेंटरची पुतनी हुशार हाय बरं का." सगळे माझ्याकडं बघत होते. ज्या बघण्यासाठी मी इतके महिने जळले होते ते बघणं मला मिळालं, आणि मला शिडीवरून खाली उतरावंसं वाटेना. कारण वर भिंतीजवळ मला दिसत होतं ते खालच्यांना दिसत नव्हतं. माझा 'र्या' अगदी नेटका होता. शिक्षकानं फळ्यावर काढावा तसा. आणि त्याच्या शेजारी तिचा 'म', पाय उचललेला. अख्ख्या ओळीत एकच अक्षर नाचत नव्हतं, ते माझं होतं. खरं सांगते, इतकी लाज वाटत असताना, तेवढ्या लाजेतसुद्धा मला तिचा हेवा वाटला.

त्या रात्री जेवताना आईनं माझ्या ताटात सुकडीचा मोठा गोळा वाढला. दादानं पारावरची सगळी गोष्ट दोनदा सांगितली. वैनी भाकरी थापत होती, तशाच गोल, तशाच भराभर. मला वाटलं आता बोलेल, आता बोलेल. ती म्हणाली, "वन्सं, कालवन घ्या आनिक."

चार दिवसांनी नाना आले, एका डोळ्याला हिरवी पट्टी. घरी यायच्या आधी स्टँडवरून सरळ भिंतीकडं गेले आणि आम्हा दोघींना तिथं बोलावलं. मोकळ्या डोळ्यानं ओळ वाचली, 'संस्था'पर्यंत मान डोलावली, 'म'पाशी थांबले, मग बोट ठेवलं. "हितं हात बदलला." मग विचारलं, "मोजलं न्हवतं?"

मी तोंड उघडायच्या आधी वैनी बोलली, "मोजलं हुतं नाना. म्याच घाई केली."

मोजलं होतं! कुणी ते तिनं सांगितलं नाही. म्हणजे तिला माहीत होतं. नानांनी दोघींकडं आलटून पालटून बघितलं, एका डोळ्यानं जेवढं बघता येतं तेवढं, आणि दोरीचं गुंडाळं माझ्या हातात दिलं. "आजपास्नं कुटलीबी भित तुमी दोगी मिळून करायची. शेवंता शेवटनं येईल, कौसल्या पुढनं." मी घरी आले आणि रडले. आई म्हणाली, आता कशाला रडतीस, चांगलं झालं की. मी काय सांगणार? अक्षरात ती माझ्या पुढं होती, भाकरीत पुढं होती, ते मी कसंबसं गिळलं असतं. पण आता मोठेपणातही पुढं. तिथं तरी मला थोडी जागा ठेवायची होती.

पुढं आम्ही कितीतरी भिंती केल्या. पाऊसही झाला, सोसायट्या काही टिकल्या, काही नावापुरत्या उरल्या. ती गाय काढायची, ट्रॅक्टर काढायची, पहिले शब्द लिहायची, आणि मी शेवटून यायची. मधे कुठंतरी आमची गाठ पडायची. मी भराभर लिहायचा प्रयत्न त्यानंतर कधी केला नाही. हेवा गेला का, विचाराल तर नाही. पण त्याच्या मागं पळायचं सुटलं. तो आपला शेजारी बसून राहायचा, आणि मी माझा 'श्री' काढत राहायचे. अजून काढते. आता फ्लेक्स आलेत, घटकेत छापून मिळतात, भिंतीची गरज उरली नाही. नातीनं मला जाड कागद आणून दिलेत, त्यावर मी एकेक अक्षर काढते. एक पान मला आठवडा पुरतं. कुणी घाई करत नाही, आणि केली तरी ऐकू कमीच येतं.

ती दुधाच्या सोसायटीची भिंत गेल्या वर्षी पाडली, नवी खोली बांधायला. नात सांगत आली तेव्हा वैनी आणि मी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मधे एकच सूप. वैनीच्या डोळ्यातही आता मोतीबिंदू आहे, पण बोटं तशीच. भिंत पडली हे ऐकलं आणि मला एकदम वाटलं, आता बोललं नाही तर राहूनच जाईल. मी म्हटलं, "वैनी, त्या दिवशी मी मोजलं होतं गं. 'उत्पादक' झालं तेव्हाच मला कळलं होतं की बसणार नाही. सहा विती कमी होत्या. तुला सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. तुझा हात बघवत नव्हता मला."

तिनं शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत. टरफलं कुरकुर वाजत होती. "व्हय. शिडीवरनं दिसला हुता तुमचा हात," ती म्हणाली. "घरी जाऊस्तवर सांगताल आसं वाटलं हुतं. मग वाटलं, नाना आल्यावर सांगताल. मग म्हनलं, सांगतील कवातरी."

"मग तू विचारलं का नाहीस कधी?"

तिनं सूप चाचपलं. तिच्या बाजूच्या शेंगा संपल्या होत्या, माझ्या बाजूला ढीग तसाच होता. माझ्या ढिगातली मूठभर तिनं आपल्याकडं ओढून घेतली.

"काय इचारायचं," ती म्हणाली. "वन्सं, तुमचं समदं सावकाशच."